एका मोटारीची सत्त्वपरीक्षा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोटारगाडी हा विषय पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. जेथे वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंतच्या विषयांचा ऊहापोह होतो, तेथे एका परदेशी आणि तीही श्रीमंतांच्या गाडीला तासभर देण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. मी येथे गाडीची किंमत सांगण्यास किंवा तिच्या गाद्यांचे वर्णन करण्यास उभा नाही. परंपरा, वारसा, नावलौकिक हे शब्द आपण मोठ्या सढळ हाताने वापरतो. पण लौकिक कशाने मिळतो, कशाने टिकतो आणि कशाने बुडतो, याचा जमाखर्च आकड्यांनिशी मांडता येईल अशी उदाहरणे फार थोडी असतात. रोल्स-रॉइस हे नाव त्यांपैकी एक आहे, आणि त्या नावाच्या मुळाशी एक विशिष्ट गाडी आहे. आजचे व्याख्यान त्या एका गाडीचे चरित्र आहे, असे समजावे.

या गाडीचा क्रमांक एएक्स २०१. १९०७ साली ती मँचेस्टरच्या कारखान्यातून बाहेर पडली. तिचा यांत्रिक सांगाडा, म्हणजे ज्याला मोटारवाले चॅसी म्हणतात तो, क्रमांक ६०५५१ चा. त्यावरची उघडी, चारपाच माणसांनी ऐसपैस बसावे अशी बैठक लंडनच्या बार्कर नावाच्या जुन्या बग्गी बांधणाऱ्या पेढीने तयार केली. त्या काळी रोल्स-रॉइस फक्त सांगाडा आणि यंत्र देत असे. वरचा साज गिऱ्हाइकाने आपल्या आवडीच्या कारागिराकडून चढवून घ्यावयाचा. या गाडीला ॲल्युमिनियमचा रुपेरी रंग दिला, दिवे आणि बाहेरचे पितळी सामान चांदीच्या मुलाम्याने मढवले, आणि पुढच्या बाजूस एका पट्टीवर नाव कोरले ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे रुपेरी भूत. आपल्याकडे गाडीला भुताचे नाव कोणी देणार नाही, आणि दिलेच तर वर लिंबू-मिरची बांधल्याशिवाय ती रस्त्यावर आणणार नाही! पण इंग्रजांना यात अशुभ काही वाटले नाही. गाडी आली केव्हा आणि गेली केव्हा हे कानाला कळू नये, एवढाच त्या नावाचा अर्थ. गंमत अशी की हे नाव फक्त या एका गाडीचे होते. तिच्या जातीच्या साऱ्या गाड्यांचे अधिकृत नाव ‘फॉर्टी-फिफ्टी’ असे रुक्ष, अश्वशक्तीच्या आकड्यांचे होते. एकीची कीर्ती इतकी झाली की लोकांनी तिचे नाव सगळ्या जातीलाच देऊन टाकले.

आज रोल्स-रॉइस म्हटली की नाकावरची ती पंखधारी स्त्रीमूर्ती डोळ्यांपुढे येते. एएक्स २०१ घडली तेव्हा ती मूर्ती जन्मालाही आली नव्हती. चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने ती १९११ साली घडवली. एलिनॉर थॉर्न्टन या बाईंवरून ती घेतली असे मानतात. या बाई १९१५ च्या डिसेंबरात हिंदुस्थानाकडे येणाऱ्या ‘पर्शिया’ बोटीवर होत्या. भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली, त्यात त्या गेल्या. सांगावयाचे इतकेच की ज्या गाडीने हे नाव कमावले, तिच्या नाकावर कोणतेही मानचिन्ह नव्हते. चिन्ह मागाहून आले, काम आधी झाले.

आता हे काम करणारी माणसे पाहू. हेन्री रॉइस १८६३ साली पीटरबरोजवळच्या ॲल्वॉल्टन या खेड्यात जन्मला. बाप पिठाची गिरणी चालवीत होता. गिरणी बुडाली, कुटुंब पोटासाठी लंडनला आले आणि हेन्री नऊ वर्षांचा असताना बाप वारला. मग या पोराने वर्तमानपत्रे विकली, तारा वाटल्या. शाळेचे तोंड त्याने जेमतेम वर्षभर पाहिले असेल. एका आत्याने वर्षाला वीस पौंड भरून त्याला रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला लावले; तीन वर्षांनी आत्याचेही पैसे संपले आणि उमेदवारी अर्धी सुटली. पुढे १८८४ साली त्याने क्लेअरमाँट नावाच्या मित्राबरोबर मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर विजेच्या सामानाचा लहानसा कारखाना काढला. भांडवल त्याचे वीस पौंड आणि मित्राचे पन्नास. विजेच्या घंटा, डायनामो, मग विजेवर चालणाऱ्या याऱ्या असा त्याचा धंदा वाढत गेला.

१९०३ च्या सुमारास जर्मन आणि अमेरिकन याऱ्या स्वस्तात येऊ लागल्या आणि धंदा मंदावला. माल हलका करून किंमत उतरवावी असा सल्ला मिळत होता. तो रॉइसला मानवला नाही. त्याच सुमारास त्याने डकोव्हिल नावाची एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. ती खडखडाट करी आणि वाटेत बंद पडे. आपण काय केले असते? विकणाऱ्याला चार शिव्या हासडल्या असत्या आणि गाडी दुसऱ्याच्या गळ्यात बांधली असती. रॉइसने ती खोलली. एकेक भाग हातात घेऊन तो असाच का, आणि याहून बरा करता येईल की नाही, हे तो पाहत बसला. मूलगामी शोध लावण्याची त्याची वृत्ती नव्हती. दुसऱ्याने काढलेली वस्तू घेऊन तिचा प्रत्येक कच्चा दुवा पक्का करणे, ही त्याची प्रतिभा होती. १ एप्रिल १९०४ रोजी त्याची स्वतःची दोन सिलिंडरची, दहा अश्वशक्तीची गाडी कुक स्ट्रीटच्या फाटकातून बाहेर पडली.

दुसरा पुरुष याच्या अगदी उलट. चार्ल्स रोल्स हा लॉर्ड लँगॅटॉक यांचा धाकटा मुलगा. ईटन आणि केंब्रिज येथे शिकलेला, मोटारींच्या शर्यती, बलून, विमाने यांचा शौकीन. लंडनमध्ये तो परदेशी मोटारी विकत असे आणि विकण्याजोगी एकही इंग्रज गाडी मिळू नये याचे त्याला शल्य होते. हेन्री एडमंड्स या दोघांच्या ओळखीच्या गृहस्थाने भेट ठरवली. रॉइस काम सोडून लंडनला यावयास तयार नव्हता. तेव्हा लॉर्डसाहेबांचे चिरंजीवच ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरला मिडलँड हॉटेलात गेले. दोन सिलिंडरची गाडी म्हणजे हाडे खिळखिळी करणारी, असे रोल्सचे मत होते. रॉइसच्या गाडीत बसून आल्यावर ते उरले नाही. डिसेंबरात करार झाला: रॉइसने बनवलेली प्रत्येक गाडी रोल्स घेईल आणि ती दोघांच्या नावाने विकली जाईल. मार्च १९०६ मध्ये कंपनी स्थापन झाली. पोटासाठी तारा वाटलेला मुलगा आणि लॉर्डाचा मुलगा यांची नावे एका लहानशा आडव्या रेघेने जोडली गेली. या दोघांत क्लॉड जॉन्सन नावाचा एक तिसरा गृहस्थ होता, त्याला लोक ‘रोल्स-रॉइसमधली आडवी रेघ’ म्हणत. कारभार, जाहिरात, गिऱ्हाइकांचे मन हे सारे त्याच्या हाती. आपली गाडी जगापुढे कशी आणावयाची, हे या रेघेला इतर दोघांपेक्षा अधिक कळत होते.

यंत्राबद्दल थोडे सांगितले पाहिजे. ज्यांना यंत्रांची गोडी नाही त्यांनी पाच मिनिटे सोसावे. दोन किंवा चार सिलिंडरच्या यंत्रात शक्तीचे धक्के सुटेसुटे येतात. उखळात एकटीच कांडत असेल तर मुसळाचा ठोका आणि मधली शांतता, दोन्ही वेगळी ऐकू येतात; पण चौघीजणी तालात कांडू लागल्या की ठोक्याला ठोका लागून एक सलग नाद होतो. सहा सिलिंडर घातले तर धक्के असेच एकमेकांत मिसळून चाल गुळगुळीत होईल, हे सर्वांना दिसत होते. अडचण वेगळीच होती. सहा सिलिंडरांची ओळ लांब, म्हणून त्यांची शक्ती गोळा करणारा दांडा, क्रँकशाफ्ट, तोही लांब. प्रत्येक धक्क्याला तो किंचित पिळला जातो आणि परत सुटतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी लहानसा झोका देत राहिले की तो जसा चढत जातो, तसा एका ठराविक वेगाला हा पीळ वाढत जातो आणि शेवटी चांगले पोलाद मोडते. रॉइसच्या आधीच्या तीस अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरी गाडीचे दांडे असेच मोडले होते.

नव्या गाडीत त्याने या दुखण्यावर इलाज केला. पूर्वी दोन-दोन सिलिंडरचे तीन गठ्ठे होते, त्याऐवजी तीन-तीनचे दोन केले; दांडा जाड केला, त्याला सात ठिकाणी बेअरिंगचा आधार दिला, आणि त्या प्रत्येक ठिकाणी दाबाखाली तेल पोहोचेल अशी व्यवस्था केली. यंत्राचे आकारमान सात लिटरहून थोडे अधिक, आणि शक्ती मात्र अठ्ठेचाळीस अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे आकाराच्या मानाने थोडीच. घोड्याला त्याच्या दमापेक्षा पुष्कळ कमी पळवले तर तो वर्षानुवर्षे पळतो, हे तत्त्व. सांगाड्याचे जोड इतर कारखानदार रिबिटांनी ठोकीत. रॉइसने भोके हातांनी साफ करून त्यांत निमुळते बोल्ट बसवले, कारण रिबिट भोकात पुरते भरले आहे की नाही हे ठोकल्यावर दिसत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर विसंबावयाचे नाही, हा या माणसाचा खाक्या होता.

ही झाली कारखान्याच्या आतली गोष्ट. पण ‘आमचा माल उत्तम’ असे प्रत्येक दुकानदार म्हणतो. गिऱ्हाइकाने विश्वास कशावर ठेवावा? येथे क्लॉड जॉन्सनची बुद्धी कामास आली. त्याने एएक्स २०१ ला रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या परीक्षकांच्या स्वाधीन केले. १९०७ च्या मे महिन्यात दोन हजार मैलांची एक परीक्षा झाली, जूनमध्ये स्कॉटलंडच्या डोंगरातली स्पर्धा तिने सुवर्णपदकासह पार पाडली. तेथे थांबून जाहिराती छापल्या असत्या तरी चालले असते. पण जॉन्सनने ठरवले की गाडी थांबवावयाचीच नाही. पंधरा हजार मैल पुरे होईपर्यंत चालवावयाची.

मग ही गाडी लंडन आणि ग्लासगो यांच्यामध्ये येरझाऱ्या घालू लागली. दिवसा आणि रात्री, पावसात आणि धुळीत. विश्रांती फक्त रविवारी. स्वतः जॉन्सन, रोल्स आणि कारखान्याची इतर माणसे आळीपाळीने चाकावर बसत, आणि क्लबचा निरीक्षक वही घेऊन गाडीत. त्या काळचे रस्ते डांबरी नव्हते, दिवे विजेचे नव्हते, गाडी हातांनी दांडा फिरवून सुरू करावी लागे, आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते. ६२९ मैलांवर गाडी अचानक थांबली. यंत्रात बिघाड नव्हता. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली होती. तोटी उघडून गाडी मिनिटाभरात निघाली. पण निरीक्षकाने वहीत ‘थांबली’ असे लिहिले ते लिहिलेच, आणि कंपनीनेही ते खोडले नाही. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. त्यानंतर ती १४,३७१ मैल यंत्राच्या दोषामुळे एकदाही न थांबता धावली. टायर फुटून जे थांबावे लागले ते नियमाप्रमाणे मोजलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. टायर हा तेव्हा सर्वच मोटारींचा शाप होता. आधीचा विक्रम याच्या निम्म्याहूनही कमी होता.

पण माझ्या मते खरी गोष्ट यापुढची आहे. पंधरा हजार मैल पुरे झाल्यावर कंपनीने गाडी परीक्षकांपुढे उभी केली आणि सांगितले की ही आता खोला. एकेक भाग सुटा करा, मोजा, जेथे झीज दिसेल तेथे नवा भाग घाला आणि बिल आमच्या नावे फाडा. यंत्र, गिअर, ब्रेक यांत बदलण्याजोगी झीज त्यांना आढळली नाही. सुकाणूच्या सांध्यातले काही लहान भाग, पंख्याचा पट्टा, असे किरकोळ सामान त्यांनी बदलावयास सांगितले. गाडी पुन्हा नव्यासारखी करण्यासाठी लागलेल्या सुट्या भागांचे एकूण बिल झाले २ पौंड, २ शिलिंग, ७ पेन्स. ज्या गाडीच्या नुसत्या सांगाड्याची किंमत हजार पौंडांच्या घरात, तिचे हे बिल!

श्रोतेहो, ‘जगातील सर्वोत्तम मोटार’ हे बिरुद कंपनीने यानंतर मिरवले. ते मिरवण्याचा तिला अधिकार होता, कारण बिरुदाच्या पाठीमागे तिऱ्हाइताने लिहिलेला कागद होता. राजाने दिलेली सनद वेगळी आणि परीक्षकाने लिहिलेले बिल वेगळे. सनदेवर शंका घेता येत नाही. बिलावर घेता येते, ते पुन्हा तपासता येते. या घराण्याचा लौकिक सनदेने उभा राहिला नाही. तो अशा तपासता येणाऱ्या कागदावर उभा राहिला.

पुढच्याच वर्षी ही परीक्षा आपल्या अंगणात झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९०८ साली मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची स्पर्धा भरवली. ६२० मैलांची मजल आणि वाटेत सह्याद्रीचे सहा घाट. सपाट इंग्लंडातल्या गाडीला सह्याद्री चढावयास लावणे म्हणजे तिची खरी सत्त्वपरीक्षा! एएक्स २०१ च्याच जातीची एक गाडी मुद्दाम मुंबईला आणली होती. तिचे नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, पूर्वेचा मोती. ती घाट चढली, उतरली आणि न थांबता कोल्हापूरची मजल मारून आली. नंतर तो मोती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतला. तेथून संस्थानिकांची रीघ लागली. १९११ च्या दिल्ली दरबारासाठी सरकारनेही याच गाड्या मागवल्या.

संस्थानिक आणि रोल्स-रॉइस म्हटले की एक गोष्ट हटकून निघते. लंडनच्या दुकानात साध्या वेषात गेलेल्या महाराजांचा अपमान झाला. महाराजांनी सात गाड्या घेतल्या, त्यांना झाडू बांधले आणि शहरातला कचरा वाहावयास लावले. मग कंपनीने क्षमा मागितली. ही गोष्ट कोणी अलवरची म्हणून सांगतो, कोणी हैदराबादची, कोणी पतियाळाची, कोणी भरतपूरची. एकच अपमान इतक्या राजांचा एकाच पद्धतीने झाला असेल असे मानणे कठीण आहे, आणि तिला भरवशाचा कागदी पुरावाही कोणी पुढे आणलेला नाही. गोष्ट चविष्ट आहे, राज्यकर्त्या इंग्रजांची जिरल्याचे समाधानही तीत आहे. म्हणून ती टिकली. पण घाट चढलेल्या मोत्याची खरी हकीकत आपण विसरलो आणि झाडूची दंतकथा पाठ केली, हे काही ठीक झाले नाही.

आता पुन्हा एएक्स २०१ कडे येऊ. एवढे नाव कमावल्यावर ती काचेच्या कपाटात बसली असेल असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. १९०८ साली कंपनीने ती एका गिऱ्हाइकाला विकून टाकली. पुढची चाळीस वर्षे ती खासगी घरातली गाडी म्हणून वापरात राहिली. १९४८ साली ती कंपनीकडे परत आली, तेव्हा तिची किंमत कळली आणि तिची निगा राखण्यास सुरुवात झाली. पुढे तिची कसून दुरुस्ती झाली, मूळचा थाट पुन्हा चढवला गेला.

येथे एक प्रश्न उभा राहतो. इतकी वर्षे वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या, रंगवलेल्या गाडीला ‘तीच गाडी’ कशी म्हणावयाचे? आपल्याला हा प्रश्न परका नाही. गावच्या देवळाचे शिखर एका पिढीने बांधले, सभामंडप दुसरीने, फरशी परवा बसवली. तरी देऊळ तेच, कारण पूजेत खंड पडला नाही. जीर्णोद्धाराला आपण नवे देऊळ म्हणत नाही. या गाडीचेही तसेच आहे. ती चालती राहावी म्हणून झिजलेला भाग काढून मापाला माप जुळवून दुसरा बसवणे, हे तिच्या घडणीतच गृहीत धरलेले होते. १९०७ च्या त्या बिलाचा अर्थ दुसरा काय होता? जतन करणे म्हणजे हात न लावणे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. यंत्राला ती लागू पडत नाही. न चालणारी मोटार आतून गंजते, तिचे तेल घट्ट होते, रबर चिरते. यंत्र चालवूनच जपावे लागते, आणि चालवावयाचे तर ते खोलता येणारा, मापता येणारा, जुळवता येणारा कारागीर प्रत्येक पिढीत निपजावा लागतो. गाडी जपली म्हणजे ही विद्याही जपली जाते. आपल्या संस्थानांतल्या कितीतरी गाड्या विद्या संपल्यामुळे पागेत उभ्या राहून गेल्या. पैशाचा प्रश्न तेथे नेहमीच होता असे नाही.

कर्त्या पुरुषांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. रोल्सने २ जून १९१० रोजी इंग्लिश खाडी विमानाने न थांबता ओलांडून परत येण्याचा पहिला पराक्रम केला, आणि पुढच्याच महिन्यात बोर्नमथ येथे विमानाची शेपटी मोडून तो वारला. वय अवघे बत्तीस. रॉइस दुसऱ्या वर्षी अतिश्रमाने अंथरुणाला खिळला. त्यानंतर वीस-बावीस वर्षे तो कारखान्यापासून दूर समुद्रकाठी राहून नकाशे तपाशीत असे. त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली, पण तो स्वतःला ‘मेकॅनिक’ म्हणवून घेई. काम कितीही क्षुद्र असो, ते नीट केले की थोर होते, अशा अर्थाचे वचन त्याच्या घरातल्या चुलाण्यावर लॅटिनमध्ये कोरलेले होते. १९३३ च्या एप्रिलमध्ये तो गेला. त्याच वर्षी ज्या ‘मर्लिन’ इंजिनाची पहिली फिरकी झाली, त्याने पुढे दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडची लढाऊ विमाने उडवली.

या घराण्याची चूक कधी झालीच नाही असे नाही. १९१२ साली आल्प्स पर्वतातल्या स्पर्धेत एका गिऱ्हाइकाची सिल्व्हर घोस्ट कॅट्शबर्गच्या चढावर अडून बसली. मध्यंतरी कंपनीने चारऐवजी तीनच गिअर ठेवले होते, ते त्या चढाला पुरले नाहीत. कंपनीने वाद घातला नाही. चार गिअर पुन्हा घातले आणि १९१३ साली त्याच आल्प्समध्ये उतरून नाव परत मिळवले. फॉर्टी-फिफ्टी ही जात १९०६ पासून १९२६ पर्यंत बनत राहिली; अमेरिकेतल्या कारखान्यातल्या धरून साडेसात हजारांहून अधिक गाड्या झाल्या.

आता याची दुसरी बाजू पाहा. १९६८ साली याच कंपनीने अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीशी एका प्रचंड विमान-इंजिनाचा करार केला. इंजिनाचे नाव आरबी २११. किंमत आधी ठरवली, मुदत आधी दिली. त्या इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती कार्बनच्या तंतूंची, वजनाला अत्यंत हलकी करण्याचे आश्वासनही दिले. ही पाती परीक्षेत अजून उतरावयाची होती. उडत्या पक्ष्याचा धक्का पात्यांनी सोसला पाहिजे, अशी परीक्षा १९७० साली घेतली तेव्हा ती फुटली. पुन्हा टायटॅनियमची पाती करावी लागली, खर्च अंदाजाबाहेर गेला, आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी जगातील सर्वोत्तम म्हणविणाऱ्या या कंपनीचे दिवाळे वाजले. ब्रिटिश सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. त्या इंजिनाचे पुढे भले झाले, ते पुष्कळ वर्षे नावाजले गेले. तेव्हा दोष कारागिरांच्या बुद्धीत नव्हता. १९०७ साली आधी परीक्षा झाली आणि मग बिरुद छापले. १९६८ साली आधी शब्द दिला आणि मग परीक्षा झाली. नाव तेच होते, कौशल्यही होते; क्रम उलटा झाला, आणि साठ वर्षांची पुण्याई त्या उलट्या क्रमाला वाचवू शकली नाही.

पुढे मोटारींचा धंदा विमान-इंजिनांपासून वेगळा काढला, तो १९८० साली व्हिकर्सकडे गेला आणि १९९८ साली विकावयास निघाला. आपल्याकडे भाऊबंदकीत वाडा एकाकडे आणि देव दुसऱ्याकडे जातात, तसाच प्रकार झाला. क्रू येथील कारखाना फोक्सवॅगनने घेतला. रोल्स-रॉइस हे नाव मोटारींवर लावण्याचा हक्क बीएमडब्ल्यूला मिळाला. दोन्ही जर्मन! २००३ पासून त्या नावाच्या मोटारी गुडवुडच्या नव्या कारखान्यात होऊ लागल्या. आणि एएक्स २०१? ती वाड्याबरोबर क्रूच्या बाजूला राहिली. ज्या गाडीने नाव कमावले ती एका घरी, आणि नाव दुसऱ्या घरी.

मग वारसा कोणाचा? कायद्याच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे, खरेदीखत पाहावे. पण मला वाटते, त्या प्रश्नाचे खरे उत्तर खरेदीखतात मिळणार नाही. नाव विकता येते, वाडा विकता येतो, गाडीही विकता येते. आपले काम तिऱ्हाइतापुढे उघडे करून ‘खोला आणि मोजा’ म्हणण्याची तयारी मात्र विकत मिळत नाही. ती ज्याच्याकडे असेल त्याचा तो वारसा. मग त्याने मोटार बनवलेली असो, पूल बांधलेला असो, की पाठ्यपुस्तक लिहिलेले असो.

आपणही आपल्या जुन्या नावांचा अभिमान बाळगतो: जुन्या शिक्षणसंस्था, जुन्या पेढ्या, जुनी वर्तमानपत्रे, आणि का म्हणू नये, जुन्या व्याख्यानमालाही. स्थापनेचे वर्ष आपण मोठ्या अक्षरांत लिहितो. त्याच्या शेजारी, गेल्या वर्षी परीक्षकाने काय उणे काढले आणि ते भरून काढण्यास किती खर्च आला, हेही लिहिण्याची पद्धत पडली तर? कदाचित काहींचे बिल दोन पौंडांत भागणार नाही. पण ते छापले जाईल तेव्हाच पुढच्या पिढीला आपल्या शब्दावर विसंबता येईल.